दाराशी सांगायचे नाव

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी आमच्या घरी शाळेचा फॉर्म भरण्याचा कार्यक्रम झाला. लेक पाच वर्षांची झाली होती आणि सप्टेंबरात किंडरगार्टनमध्ये जाणार होती. लसी, ॲलर्जी, डॉक्टरांचा फोन, तातडीच्या वेळी कुणाला कळवायचे असे रकाने भरत भरत मी एका प्रश्नापाशी आलो. मुलाला कोणत्या नावाने हाक मारावी? मुलीचे नाव मृण्मयी. मी क्षणभर पेन वर धरले आणि लिहिले, ‘माया’.

मागे उभ्या असलेल्या बायकोने विचारले, “ही कोण?”

“अगं, त्यांना सोपं पडेल. ‘ण्म’ कुठून म्हणणार त्या बिचाऱ्या बाई?”

ती काही बोलली नाही. आमच्या घरात न बोलणे म्हणजे संमती नव्हे, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला कळायला हवे होते. लेक पलीकडच्या खोलीत ठोकळे रचत बसली होती. तिला विचारावे, असे मात्र मला सुचलेही नाही.

माझे स्वतःचे नाव हृषीकेश. अमेरिकेत आल्यावर पहिल्या नोकरीत त्याचे ‘रिशी’ झाले आणि दुसऱ्या नोकरीत ‘रिच’. बँकेतल्या शिलकीशी या नावाचा काडीचाही संबंध नाही. हे नाव कुणी माझ्यावर लादले नाही. पहिल्याच मीटिंगमध्ये समोरच्या माणसाची जीभ अडखळायच्या आत मीच ते पुढे केले. आपल्यापैकी बहुतेकांनी असा सौदा कधी ना कधी केलेला असतो आणि पुढे त्याचे विनोदही होतात. तेव्हा लेकीचा सौदाही मी परस्पर उरकून टाकला.

एरवी हे सारे मी विसरूनही गेलो असतो. पण त्याच आठवड्यात मी तिला रात्री झोपताना अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीची गोष्ट मराठीतून सांगायला घेतली होती, आणि त्या गोष्टीने मला चांगलेच कोंडीत पकडले. अद्भुत कथा मुलांना वास्तवापासून दूर नेतात, असे आपण धरून चालतो. माझा अनुभव उलटा आहे. शाळेच्या दारात मुलाचे नेमके काय होते, हे शाळेविषयीच्या शहाण्या पुस्तकांपेक्षा मला जादूगारांच्या या गोष्टीने जास्त नीट सांगितले. ते कसे, हे पाहण्यासाठी हा लेख.

आधी त्या शहाण्या पुस्तकांविषयी, कारण त्यांच्यावर अन्याय व्हायला नको. मूल शाळेत जायचे असले की इथल्या ग्रंथालयात एक वेगळे टेबल मांडलेले असते. आम्ही त्यातली तीन पुस्तके आणली. ऑड्री पेन यांचे ‘द किसिंग हँड’ (१९९३) हे रॅकूनच्या पिल्लाचे पुस्तक. शाळेला घाबरणाऱ्या पिल्लाच्या तळव्यावर आई पापा देते आणि तो दिवसभर पुरतो. केव्हिन हेंक्स यांच्या ‘क्रिसॅन्थमम’मध्ये (१९९१) उंदरांची एक मुलगी आहे. तिला आपले लांबलचक नाव फार आवडते, ते शाळेचा पहिला दिवस उजाडेपर्यंत. तिसरे यांगसूक चोई यांचे ‘द नेम जार’ (२००१). कोरियाहून आलेली उन्हे नावाची मुलगी वर्गात सांगते की मी अजून नाव ठरवलेले नाही. मग मुले तिच्यासाठी बरणीत नावांच्या चिठ्ठ्या टाकत जातात.

तिन्ही पुस्तके चांगली आहेत. पण दुसऱ्यांदा वाचताना मला काही गोष्टी खटकल्या. ‘क्रिसॅन्थमम’मध्ये नावाची अब्रू वाचते ती सगळ्यांच्या लाडक्या संगीताच्या बाईंमुळे. त्यांचेही नाव फुलाचेच निघते, त्या या नावाचे कौतुक करतात आणि कालपर्यंत हसणाऱ्या मुलींना एकाएकी फुलांची नावे हवीशी वाटतात. म्हणजे नाव चांगले की वाईट हे शेवटी वर्गच ठरवतो, फक्त निकाल बदलतो. ‘नेम जार’ याहून खोल आहे. तिथे आजीने दिलेल्या नावाच्या शिक्क्याचा आधार घेऊन उन्हे स्वतः निर्णय घेते. पण तिला निर्णय घेता आला, कारण रकाना तिच्यासाठी मोकळा राहिला होता. आमच्या घरी तो बापाने भरला होता. बापाने आधीच रकाना भरून टाकलेल्या मुलीचे पुस्तक मला त्या टेबलावर सापडले नाही.

आता ‘अर्थसी’. ले ग्विन यांचा जन्म १९२९चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. एका प्रकाशकाने कुमारवयीन वाचकांसाठी काहीतरी लिहा म्हटल्यावर त्यांच्या मनात आले की गोष्टींतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारे असतात. मग ते लहान असताना कोण होते? इतके सगळे ते शिकले कुठे? त्यातून जादूगारांच्या शाळेची ही कादंबरी १९६८ साली आली. हॅरी पॉटरची शाळा भरायला अजून २९ वर्षे होती. मला हे पुस्तक विद्यार्थिदशेत, ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत एका डॉलरला मिळाले. ‘चांदोबा’तल्या विक्रम-वेताळावर आणि भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नवर वाढलेल्या मला ते परके वाटले नाही. आणि मराठीत लिहिताना ‘अर्थसी’मध्ये आपोआप ‘अर्थ’ येऊन बसतो, तोही उगाच वाटत नाही.

अर्थसी म्हणजे बेटांचे जग. तिथे प्रत्येकाला दोन नावे असतात. एक वापरायचे, जे सगळ्यांना माहीत असते. दुसरे खरे, जे फक्त नाव देणाऱ्याला आणि अगदी विश्वासातल्या माणसांना ठाऊक. ज्याला तुमचे खरे नाव कळले त्याच्या हाती तुम्ही आलात. जादू म्हणजे वस्तूंची खरी नावे जाणणे. गॉन्ट बेटावरच्या लोहाराच्या पोरक्या मुलाला घरी ‘डनी’ म्हणतात. तेरा वर्षांचा झाल्यावर त्याचे बाळपणाचे नाव काढून घेतले जाते, तो उघड्या अंगाने नदीच्या थंडगार पाण्यातून चालत पलीकडे जातो आणि काठावर उभा असलेला ऑजियन नावाचा वृद्ध जादूगार त्याच्या कानात खरे नाव सांगतो, ‘गेड’. जगासाठी तो ‘स्पॅरोहॉक’, म्हणजे ससाणा.

हा प्रसंग सांगताना मला काहीही समजावून द्यावे लागले नाही. बारशाला आत्याने कानात नाव सांगितल्याचा व्हिडिओ लेकीने दहादा पाहिलेला आहे. पत्रिकेतले नावरस नाव वेगळे, हाकेचे वेगळे, हे आपल्याकडे घरोघर असते. आश्वलायन गृह्यसूत्रात तर मुलाचे एक नाव मुंजीपर्यंत फक्त आईवडिलांनाच माहीत असावे, असे सांगितले आहे. इंग्रजी वाचकाला जे अद्भुत वाटते त्यातले निम्मे आपल्याला घरचेच असते. भाषांतरात काही जागा तर मुळाहून स्पष्ट होतात. गेडला पहिला मंत्र शिकवणारी गावातली चेटकीण ही त्याची ‘आंट’ आहे. इंग्रजीत कोणती कोण, ते नुसत्या शब्दावरून कळत नाही. मराठीत ठरवावेच लागते. पुस्तकात ती मृत आईची बहीण आहे, म्हणजे मावशी. मावशी म्हटल्याबरोबर लेक म्हणाली, “मग ती चांगलीच असणार.” ती पुरती चांगली नाही, पण आईविना वाढणाऱ्या त्या मुलाकडे जे काही होते ते तीच, हे त्या एका शब्दाने पोहोचले.

मग गेड रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत जातो. दरवाजा उघडा असतो, पण त्याला आत पाऊल टाकता येत नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही तो बाहेरच. दाराशी एक म्हातारा द्वारपाल उभा असतो. तो सांगतो की आत यायचे तर स्वतःचे नाव सांग. आणि गेड आपले खरे नाव उच्चारतो, तेव्हाच तो आत जाऊ शकतो.

इथे लेकीने मला थांबवले. “बाबा, माझ्या शाळेच्या दारात पण खरं नाव सांगायचं?”

“तिथे तुला माया म्हणणार आहेत.”

“का?”

“सोपं आहे म्हणून.”

तिने थोडा विचार केला. “मग मी आत कशी जाणार?”

मी दिवा मालवला आणि ‘उरलेलं उद्या’ म्हणालो.

अद्भुत कथांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप इथे पाहायला हवा, कारण तो आपल्या मंडळींत विशेष ऐकू येतो. मुलाने वाचावे, पण रीडिंग लेव्हल वाढेल असे. विज्ञान वाचावे, चरित्रे वाचावीत. भुताखेतांत आणि जादूटोण्यात वेळ कशाला? हा आक्षेप जुना आहे आणि फक्त आपला नाही. १९२०च्या दशकात सोव्हिएत रशियातल्या शिक्षणतज्ज्ञांनी परीकथांविरुद्ध मोहीम चालवली होती. बालकवी कोर्नेई चुकोव्हस्की यांनी ‘दोन ते पाच’ या अर्थाच्या नावाच्या पुस्तकात त्यांना उत्तर दिले. त्यात एका आईची हकिकत आहे. तिने मुलाला परीकथांपासून कटाक्षाने दूर ठेवले आणि त्याच्या बोलण्याची रोजनिशी लिहिली. त्या रोजनिशीतूनच दिसते की मुलाने स्वतःच्या परीकथा स्वतःच रचल्या. त्याच्या खोलीत एक लाल हत्ती राहायला आला होता.

टोल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलेल्या परीकथांवरच्या व्याख्यानात दुसरे उत्तर आहे. कैद्याने तुरुंगातून सुटून घरी जायची इच्छा धरणे वेगळे आणि सैनिकाने रणांगणातून पळणे वेगळे. टीकाकार या दोहोंची गल्लत करतात, असे त्यांचे म्हणणे. मला हे पटते, पण माझ्या अनुभवाला ते पुरत नाही. मृण्मयी त्या गोष्टीतून कुठेही सुटून गेली नाही. ती गोष्ट घेऊन थेट माझ्या फॉर्मपाशी आली. त्या रात्री पळत मी होतो, दिवा मालवून.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी छातीवर ‘माया’ असा स्टिकर लावून ती बसमध्ये चढली. मी तळव्यावर पापाही दिला. दोन आठवड्यांनी बाईंची चिठ्ठी आली. अतिशय सौम्य शब्दांत लिहिली होती. मुलगी गुणी आहे, पण हाक मारली तर पुष्कळदा वळून पाहत नाही. एकदा कानांची तपासणी करून घ्यावी.

आम्ही तपासणी केली. कान उत्तम होते. दवाखान्याबाहेर गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, “तिला ऐकू येतं. तिला कुणी हाकच मारत नाहीये.” एवढेच. घरी येईपर्यंत आम्ही दुसरे काही बोललो नाही.

त्या रात्री मी गोष्टीचा पुढचा भाग सांगितला. शाळेत गेड हुशार आणि गर्विष्ठ होतो. जॅस्पर नावाच्या मुलाला खिजवण्यासाठी तो मेलेल्या राणीचा आत्मा बोलावतो, आणि फाटलेल्या अंधारातून एक काळी सावली बाहेर येऊन त्याच्यावर झडप घालते. शाळेचे सर्वश्रेष्ठ गुरू ती फट बुजवतात आणि त्यातच त्यांचे प्राण जातात. मी हा मृत्यू गाळला. लेकीला पत्ता लागला. “ते आजोबा कुठे गेले?” मग सांगावे लागले. ती बराच वेळ गप्प होती. नंतर तिने विचारले, “सगळे गेडला ओरडले का?”

कुणीच ओरडत नाही. ले ग्विन यांचे मोठेपण मला इथे दिसते. कित्येक महिने अंथरुणात काढल्यावर गेड उठतो. चेहऱ्यावर व्रण आहे, बोलणे मंदावले आहे, पूर्वीची चमक गेली आहे. गुरू त्याला शिक्षा करत नाहीत आणि काही झालेच नाही असेही म्हणत नाहीत. आणि त्याचा मित्र व्हेच निरोप घेताना त्याला आपले खरे नाव देतो, एस्टारिअल. ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवू नये असे त्या मुलाला स्वतःलाच वाटत असते, त्याच्या हाती एक मित्र आपला जीव ठेवतो. शाळेतल्या मैत्रीचे इतके नेमके चित्र मी मुलांच्या कोणत्याच ‘वास्तववादी’ पुस्तकात पाहिलेले नाही. किंडरगार्टनमध्येही चुका होतात, कुणी कुणाला ढकलते, काही मोडते. मुलांना तेव्हा हेच जाणून घ्यायचे असते की यानंतरही मला कुणी जवळ करील का.

‘सावली’ या शब्दाचे मी काय करावे, ही मोठी अडचण होती. मराठीत सावली ही चांगली वस्तू आहे. वडाची सावली, मायेची सावली. पाठलाग करणारी भयंकर सावली मराठी कानाला पटेना. ‘पडछाया’ करून पाहिले, लेकीला ते समजेना. शेवटी तिनेच ‘काळी सावली’ केले. पण कादंबरीच्या शेवटी कळते की शब्द बरोबरच होता. जगाच्या टोकाशी, समुद्राची वाळू झालेल्या जागी गेड आणि सावली समोरासमोर येतात आणि दोघे एकाच वेळी एकमेकांना एकाच नावाने हाक मारतात, ‘गेड’. त्याला मारणार असे वाटणारी गोष्ट त्याचीच होती. इथे मराठी सावलीतला आसराही उपयोगी पडला.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. सगळ्यात मोठा दोष लेकीने पाचव्या रात्री काढला. “रोकच्या शाळेत मुली कुठे आहेत?” नाहीत. रोकवर फक्त मुलगे शिकतात, आणि बायकांची जादू म्हणजे दुबळी किंवा दुष्ट अशी समजूत त्या जगात रूढ आहे. माझी मुलगी खरे नाव सांगूनही त्या दारातून आत गेली नसती. पण ले ग्विन यांना ते स्वतःलाच खुपत राहिले. १९९०च्या ‘तेहानू’मध्ये त्यांनी त्याच जगाकडे एका मध्यमवयीन विधवेच्या आणि भाजलेल्या, टाकून दिलेल्या एका मुलीच्या नजरेने पाहिले. २००१च्या ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’त तर रोकची शाळा उभी करण्यात बायकांचाही हात होता आणि त्यांना नंतर बाहेर ठेवले गेले, असा त्या जगाचा इतिहासच त्यांनी सांगितला. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकावर इतकी प्रामाणिक टीका फार थोड्या लेखकांनी केली असेल.

रंगाविषयीही सांगायला हवे. गेडचे चित्र काढताना मृण्मयीने फिकट गुलाबी खडू उचलला. मी म्हणालो, “अगं, तो तुझ्यासारखा आहे, तपकिरी.” तिला ते खरे वाटेना. पण पुस्तकात तसेच आहे. गेड तांबूस-तपकिरी, व्हेच त्याहून काळा, आणि गोरे लोक म्हणजे गावे लुटायला येणारे कार्ग. हे ले ग्विन यांनी १९६८ साली जाणूनबुजून केले. तरी अनेक मुखपृष्ठांवर गेड गोराच निघाला, आणि २००४च्या टीव्ही मालिकेत गोऱ्या नटाला ती भूमिका दिली तेव्हा त्यांनी लेख लिहून जाहीर निषेध केला. चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांची २०१८ सालची समग्र आवृत्ती मी नंतर ग्रंथालयातून आणून तिला दाखवली. तिने तपकिरी खडू उचलला. विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’ वाचत मोठे झालेल्या बापाने त्यावर आणखी काही भाष्य केले नाही.

पण नावाच्या प्रश्नावर मला खरे हलवले ते मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकाने, १९७१च्या ‘द टूम्स ऑफ अटुआन’ने. हे मी लेकीला सांगितले नाही. तिचे कान तपासून आल्यानंतरच्या त्या आठवड्यात मी स्वतःसाठी पुन्हा वाचले. टेनार नावाची मुलगी पाच वर्षांची होते तेव्हा तिला आईबापांपासून दूर, थडग्यांच्या देवस्थानात नेतात. तिथे विधिपूर्वक तिचे नाव काढून घेतात. त्यानंतर ती ‘अऱ्हा’, म्हणजे ‘गिळलेली’. सुरुवातीला दोन पानांचे एक प्रकरण आहे. संध्याकाळी मुलगी सफरचंदाच्या बागेत पळते आहे, आई तिला हाका मारते आहे आणि बाप दारात उभा आहे. तो बायकोला म्हणतो, हिच्यात इतका जीव कशाला अडकवतेस, न्यायला येतीलच आता. तरुणपणी वाचताना मला तो दगड वाटला होता. या वेळी दिसले की त्याच्या चेहऱ्यावरचे दुःख लेखिकेने अंधारात नीट टिपले आहे. त्याला ते बोलता येत नाही, इतकेच. मुलगी जाणारच आहे, तर आधीच सोडून द्यावी म्हणजे कमी दुखेल, असे त्याने ठरवले आहे. माझ्या ‘माया’मागेही हीच भीती होती. नाव कुणी मोडेल, त्याआधी मीच मोडून दिले.

आणि नाव गिळायला अमेरिकाच लागते असे नाही. माझ्या आईचे माहेरचे नाव कुमुद. लग्नात ताम्हनातल्या तांदळावर अंगठीने ‘जानकी’ लिहिले आणि त्या दिवसापासून कुमुद संपली. लहानपणी सांगलीहून मामाचा फोन आला की तो “कुमे, कशी आहेस?” म्हणायचा आणि आईचा आवाज वेगळाच व्हायचा, हलका, काहीसा खट्याळ. ती बाई आम्हां मुलांना इतर वेळी कधी भेटली नाही. मागच्या महिन्यात मी आईला विचारले, तुला वाईट वाटलं होतं का? ती म्हणाली, “विचारलं कुणी होतं?”

ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलजवळ याही जमातीचा शेवटचा माणूस एकटाच जंगलातून बाहेर आला. आपले नाव स्वतःच्या तोंडाने परक्याला सांगायचे नाही, अशी त्याच्या लोकांची रीत. सांगणारे तर दुसरे कुणी उरलेच नव्हते. क्रोबरांनी त्याला ‘इशी’ म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ फक्त ‘माणूस’. तो १९१६ साली क्षयाने गेला. त्याचे खरे नाव कुणालाच कळले नाही. ले ग्विन यांच्या आई थिओडोरा क्रोबर यांनी १९६१ साली त्याचे चरित्र लिहिले. ‘अर्थसी’ त्यातूनच निघाले असे मी म्हणणार नाही. पण त्या घरात वाढलेल्या लेखिकेला नाव ही केवळ सोयीची चिठ्ठी वाटली नसणार.

तरीही या सगळ्यावरून ‘टोपणनाव म्हणजे फितुरी’ असा निष्कर्ष काढला तर तो पुस्तकाच्या विरुद्ध जाईल. अर्थसीत प्रत्येकाला वापरायचे नाव असतेच. गेड आयुष्यभर स्पॅरोहॉक म्हणून वावरतो आणि त्याला त्याची लाज नसते. उलट खरे नाव चारचौघांत उधळणे हा तिथे मूर्खपणा. स्पॅरोहॉक आणि अऱ्हा या दोन नावांत फरक कोणता, हे मी स्वतःला विचारत राहिलो. मला सुचलेले उत्तर असे: एक नाव खऱ्या नावावर झाकण म्हणून बसते, दुसरे त्याच्या जागी बसते. झाकण केव्हाही उघडता येते, आणि आत काय आहे ते धन्याला ठाऊक असते. अऱ्हाला आपण टेनार होतो हे आठवतही नसते. गेड तिला ते परत सांगतो तेव्हा कुठे ती बाहेर पडू शकते. माझा गुन्हा नाव लहान केल्याचा नव्हता. ज्या मुलीला आपले नाव कुठले आणि त्याचा अर्थ काय हे अजून मी सांगितलेही नव्हते, तिच्यासाठी मी दुसरे नाव लिहून दिले होते.

ते मी सांगितले. मृण्मयी म्हणजे मातीची. गो. नी. दाण्डेकरांची त्या नावाची कादंबरी तिच्या आईला फार आवडते, त्यावरून नाव ठेवले. पुस्तकातले नाव आहे हे कळल्यावर तिला फार मोठे झाल्यासारखे वाटले. मग मी तिला विचारले, उशिरा का होईना, की शाळेत काय म्हणू देत? तिने व्यवहारी उत्तर दिले. “मुलांना माया चालेल. पण बाईंना खरं सांग.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. बाईंनी मला ते नाव तीनदा म्हणायला लावले. ‘ण’पाशी त्या अडल्या, हसल्या, पुन्हा प्रयत्न केला आणि एका कागदावर स्वतःला उमगेल अशा अक्षरांत लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवले. “हे मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतं,” असे त्या म्हणाल्या. रागाने नव्हे. इतके दिवस द्वारपाल दाराशी उभाच होता, त्याला नाव सांगायचे मीच टाळले होते.

ऑक्टोबरात वर्गातली एक मैत्रीण घरी खेळायला आली. ती येताच दारातून ओरडली, “मुन्मई!” लेकीने एकदा दुरुस्त केले, मग सोडून दिले. मैत्रीण गेल्यावर मी विचारले, “तिला कसं कळलं?”

“मी दिलं तिला,” ती म्हणाली. “बाकीच्यांना नाही दिलं अजून.”